खाजगी रान आणि शिशाचा छरा

कायद्याचा इतिहास वाचावयाचा तो मोठमोठ्या सनदांतून आणि राज्यक्रांत्यांतून, अशी आपल्या सुशिक्षितांची समजूत असते. मॅग्ना चार्टा, हक्कांची सनद, रिफॉर्म बिल हीं नांवें महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या प्रत्येकास मुखोद्गत असतात. परंतु इंग्रज शेतकऱ्याला स्वतःच्या शेतांत उतरलेला तित्तर मारण्याची मोकळीक केव्हां मिळाली, असा प्रश्न केला तर शंभरांतले नव्याण्णव निरुत्तर होतील. वास्तविक मालमत्ता म्हणजे काय, तिच्यावरील मालकाची सत्ता कोठवर पोहोंचते, आणि एकाच्या हद्दींत घडणाऱ्या गोष्टींविषयीं इतरांना बोलण्याचा अधिकार कोठें सुरू होतो, या प्रश्नांचा उलगडा अशा क्षुद्र वाटणाऱ्या कायद्यांत जितका होतो तितका मोठ्या सनदांतहि पुष्कळदां होत नाहीं. खाजगी जमिनींत शिकारीच्या पक्ष्यावर बंदूक झाडावयाची ती कशानें भरलेली असावी, एवढ्याच एका नियमाचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या विषयांत कायद्यानें तीन प्रश्न विचारले आहेत: पक्षी कोणीं मारावा, केव्हां मारावा, आणि कशानें मारावा. पहिला प्रश्न दर्जाचा, दुसरा हंगामाचा, तिसरा साधनाचा. दिसावयास तिसरा सर्वांत किरकोळ. पण खाजगी मालकीच्या कल्पनेला खरा हादरा दिला तो त्यानेंच, असें आम्हांस वाटतें. तें कसें, हें कळण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

१३९० सालीं, दुसऱ्या रिचर्डच्या कारकीर्दींत, असा कायदा झाला कीं, ज्या गृहस्थाचें जमिनीचें वार्षिक उत्पन्न ४० शिलिंगांहून कमी असेल त्यानें शिकारी कुत्रे, जाळीं वगैरे साधनें बाळगूं नयेत. इंग्लंडांतील शेतकऱ्यांचें मोठें बंड १३८१ सालचें. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनीं हा कायदा व्हावा ही गोष्ट अर्थशून्य नाहीं. सणाच्या दिवशीं शिकारीच्या मिषानें कारागीर व मजूर एकत्र जमतात आणि कट करतात, अशी भीति त्याच्या प्रस्तावनेंतच बोलून दाखविली आहे. म्हणजे पक्ष्यांच्या रक्षणाचा हा कायदा मुळांत माणसांच्या भीतीनें जन्मास आला. पुढें बंदुका आल्या, तेव्हां आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटनें १५४१-४२ सालीं वर्षाला १०० पौंडांचें उत्पन्न नसणाऱ्यास हातबंदूक वापरण्यास मनाई केली.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा कायदा यानंतर सात वर्षांनीं झाला. बंदुकींत एक गोळी घालण्याऐवजीं पुष्कळ बारीक गोळ्या घालून बार काढला, तर त्या गारांसारख्या पसरतात व उडत्या पक्ष्यालाहि लागतात, ही युक्ति तोंवर लोकांना साधली होती. या ‘गारांच्या छऱ्या’विरुद्ध सहाव्या एडवर्डच्या पार्लमेंटनें १५४८-४९ सालीं कायदा केला: पार्लमेंटांत बसणाऱ्या उमरावाहून कमी दर्जाच्या माणसानें एका बारांत एकाहून अधिक गोळ्या झाडूं नयेत. कारणें दोन दिलीं होतीं. एक, अशा छऱ्यांनीं पक्ष्यांचा संहार होतो. दुसरें, त्यांच्यामुळें लोकांचा नेम बिघडतो आणि लढाईंत तर नेमाचीच गरज. बंदुकीच्या भरण्याविषयींचा, म्हणजे आमच्या तिसऱ्या प्रश्नाचा, हा अगदीं आरंभींचा कायदा होय. परंतु त्याचें पोट उकलून पाहिलें तर आंत पहिलाच प्रश्न सांपडतो. छऱ्यांनीं पक्ष्यांचा संहार होत असेल तर तो उमरावाच्या बंदुकीनेंहि होणारच. पण उमरावास मोकळीक आणि इतरांस बंदी! साधनाचें नांव पुढें करून दर्जाचें रक्षण केलें, एवढाच त्याचा अर्थ. बारीक छऱ्यांचा प्रसार थोपविणें अशा कायद्यास शक्य नव्हतें. सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तो रद्द झाला, आणि कशानें मारावें हा प्रश्न पुढें कित्येक पिढ्या कोणीं विचारला नाहीं.

दर्जाचा प्रश्न मात्र अधिकच कडक झाला. १६७१ च्या कायद्यानें शिकारीच्या अधिकारास १०० पौंड वार्षिक उत्पन्नाच्या कायम मालकीची, किंवा ९९ वर्षांच्या पट्ट्यानें घेतलेल्या १५० पौंड उत्पन्नाच्या जमिनीची अट घातली. प्रतिष्ठित घराण्याच्या वारसास तेवढी सूट होती. या अटींत न बसणाऱ्या शेतकऱ्यानें स्वतःच्या मालकीच्या शेतांतहि तित्तर किंवा फेझंट मारला तर तो गुन्हेगार ठरे. फेझंट हा आपल्या रानकोंबड्याचा भाऊबंद. तो आणि तित्तर या दोहोंभोवतीं इंग्रजी शिकार-कायदा मुख्यतः फिरतो. पार्लमेंटच्या निवडणुकींत परगण्याचें मत देण्यास ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड उत्पन्नाची जमीन पुरत असे. तेव्हां मतदारापेक्षां तित्तर मारणाऱ्यास पन्नासपट मालमत्ता लागते, असा टोमणा ब्लॅकस्टनसारख्या सनातनी कायदेपंडितासहि मारल्यावांचून राहवलें नाहीं.

या अन्यायाचें फळ चोरट्या शिकारींत आलें, आणि चोरट्या शिकारीवर जमीनदारांनीं काढलेला तोडगा तर भयंकरच होता. रानांत तार ताणून ठेवावयाची, तिला पाय लागतांच भरलेली बंदूक आपोआप उडावी, अशी ही योजना; तिला स्प्रिंग-गन म्हणत. त्या बंदुकीला चोर आणि वाट चुकलेलें पोर यांतला भेद कळण्यासारखा नव्हता. १८२० सालीं इलॉट विरुद्ध विल्क्स या खटल्यांत लंडनच्या वरिष्ठ न्यायालयानें असा निकाल दिला कीं, बंदुका लावल्याची सूचना माहीत असतां जो रानांत शिरला त्यास जखमेबद्दल भरपाई मागतां येणार नाहीं. सिडने स्मिथ या विनोदी धर्मोपदेशकानें ‘एडिंबरो रिव्ह्यू’ त्रैमासिकांतून या प्रथेवर सडकून टीका केली, आणि १८२७ सालीं पार्लमेंटनें ती बेकायदेशीर ठरविली. रात्रीं राहत्या घराच्या रक्षणापुरता काय तो अपवाद ठेवला. येथें एक तत्त्व प्रथम मान्य झालें, तें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. जमीन माझी आहे म्हणून तींत मी वाटेल तें शस्त्र वाटेल तसें लावून ठेवीन, असें म्हणण्याचा अधिकार मालकास राहिला नाहीं.

१८३१ च्या शिकार-कायद्यानें जुनी मालमत्तेची अट अखेर रद्द केली. परवान्याची फी भरणाऱ्या कोणासहि शिकार मोकळी झाली. मात्र दुसऱ्याच्या जमिनींत शिरतां कामा नये. हंगामहि ठरले: तित्तर १ सप्टेंबरपासून, फेझंट १ ऑक्टोबरपासून, दोन्ही १ फेब्रुवारीपर्यंत. रविवारीं व नाताळच्या दिवशीं शिकार बंद. कुळांची स्थिति तरीहि फारशी सुधारली नाहीं, कारण पट्टा करून देतांना जमीनदार शिकारीचा हक्क स्वतःकडे राखून ठेवीत. १८८० च्या कायद्यानें कुळांना पीक खाणारे ससे मारण्याचा अभंग अधिकार दिला खरा. पण पक्ष्यांना त्यांतून वगळलें! ससा शेतकऱ्याचा झाला, तित्तर साहेबाचा राहिला.

१८३१ च्या याच कायद्यांतील एक बारीकसें कलम पुढील इतिहासाच्या दृष्टीनें मोठें अर्थपूर्ण आहे. शिकारीच्या पक्ष्यांना मारण्याच्या किंवा इजा करण्याच्या हेतूनें जो कोणी त्यांच्या वावरण्याच्या जागीं विष टाकील त्यास दंड होईल, मग ती जमीन मोकळी असो वा कुंपणाची. अर्थात् खाजगी रानांतहि विष पसरणें १८३१ पासून गुन्हा आहे. हा कायदा झाला त्याच रानांतून दरवर्षीं हजारों बंदुका शिसें उधळीत होत्या, आणि शिसें हें विष आहे.

छरे तयार करण्याची कला तोंवर पूर्णत्वास गेली होती. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स या कारागिरानें १७८२ सालीं तिचें पेटंट घेतलें. थोडें सोमल मिसळलेलें वितळलेलें शिसें उंच मनोऱ्यावरून चाळणींतून खालीं सोडावयाचें. पडतां पडतां त्याचे थेंब वाटोळे होतात आणि खालच्या पाण्याच्या हौदांत पडून थिजतात. पुढें १८०७ सालीं अलेक्झांडर फॉर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकानें आघातानें पेटणाऱ्या दारूचें पेटंट घेतलें. जुन्या बंदुकीची ठिणगी दिसतांच पक्षी सावध होतो, ही त्याची तक्रार होती! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मागून काडतूस घालण्याच्या बंदुका आल्या आणि बार भरण्यास लागणारा वेळ क्षणांवर आला. मग कुत्र्यांबरोबर पायीं हिंडून चारदोन पक्षी मारण्याची जुनी रीत मागें पडून, हांके घालून पाळीव फेझंटांचे थवे बंदुकांवर आणण्याची प्रथा रूढ झाली. पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांनीं १८६३ सालीं विकत घेतलेली सफकमधील एल्व्हडनची जहागीर अशा शिकारीसाठीं नांवाजलेली होती. १९१३ च्या डिसेंबरांत बकिंगहॅमशायरमधील हॉल बार्न येथें बादशहा पंचम जॉर्ज यांच्यासह सात बंदुकांनीं एका दिवसांत जवळजवळ ४,००० फेझंट पाडले.

आतां थोडा हिशेब करूं. बारा बोअरच्या नेहमींच्या काडतुसांत साधारण एक औंस, म्हणजे सुमारें अडीच तोळे शिसें असतें. सहा नंबरच्या छऱ्यांत मोजलें तर २७० छरे होतात. त्यांतले पांच-सात पक्ष्याला लागतात. बाकीचे जमिनीवर पडतात आणि तेथेंच राहतात. हॉल बार्नच्या त्या दिवशीं एका पक्ष्यामागें एकच बार धरला तरी दहा लाखांहून अधिक छरे त्या रानांत पडले असले पाहिजेत. पक्ष्यांना दांत नसतात. ते बारीक खडे गिळतात आणि पोटांतील पेषणींत त्या खड्यांनीं दाणा दळतात. छरा त्यांना खड्यासारखाच दिसतो. पेषणींत तो झिजतो, पोटांतील आम्लांत विरघळतो आणि रक्तांत भिनतो. पंख लुळे पडतात, अन्न पुढें सरकत नाहीं, आणि पक्षी हळूहळू झिजून मरतो. ज्या पक्ष्यावर कोणीं बंदूक रोखली नाहीं, तो मागील वर्षाच्या हुकलेल्या बारानें मरतो.

हें ज्ञान नवें नाहीं. ‘द फील्ड’ या इंग्रज शिकाऱ्यांच्या साप्ताहिकांत छरे गिळून मेलेल्या फेझंटांविषयीं मजकूर आला तो १८७६ सालीं. अमेरिकेंत जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनीं १८९४ सालीं बदकांच्या विषबाधेविषयीं लिहिलें. १९१९ सालीं अलेक्झांडर वेटमोर यांनीं या विषयावर तेथील कृषिखात्यातर्फें स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. आणि १९५९ सालीं फ्रँक बेलरोझ यांनीं उत्तर अमेरिकेंतील पाणपक्ष्यांपैकीं शेंकडा २ ते ३ दरवर्षीं शिशानें मरतात असा अंदाज मांडला. रोग कळला होता, कारण कळलें होतें. मग उपायास इतका काळ कां लागला? मालकीची कल्पना आड आली, हें त्याचें एक मोठें कारण. माझ्या रानांत माझ्या काडतुसांतून माझें शिसें पडलें, त्यांत इतरांचें काय गेलें, हा प्रश्न वरवर पाहतां बिनतोड वाटतो.

त्याचें उत्तर प्रथम अमेरिकेनें दिलें, आणि तें पक्ष्याच्या स्वभावावरून दिलें. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा अमेरिकन सरकारनें १९१८ सालीं केला. त्याविरुद्ध, पक्षी आमचे आहेत असें म्हणत मिसूरी संस्थान न्यायालयांत गेलें. १९२० सालीं न्यायमूर्ति होम्स यांनीं जो निकाल दिला त्याचा मथितार्थ असा: काल जो पक्षी या संस्थानांत आलाच नव्हता आणि आठवड्यानें जो हजार मैलांवर असेल, त्याच्यावर मालकी सांगणें म्हणजे अगदींच तकलादू पायावर उभें राहणें होय. संस्थानाची जर ही गत, तर शेताच्या मालकाची काय कथा? याच मार्गानें पुढें जाऊन १९७६ पासून कांहीं भागांत बदकांच्या शिकारीस पोलादी छरे सक्तीचे झाले. शिकाऱ्यांच्या संघटनेनें दावा लावला, तो फेटाळला गेला. मग काँग्रेसमध्यें खटपट होऊन संस्थानांच्या संमतीची अट घातली गेली. पण अखेर १९९१ पासून सर्व देशांत बदकें, हंस व तत्सम पाणपक्षी यांच्या शिकारींत शिशाचे छरे बंद झाले. जमीन सरकारी आहे कीं खाजगी, हा प्रश्न त्या नियमांत उद्भवतच नाहीं. परिणामहि दिसून आला: मिसिसिपीच्या हवाईमार्गावर शिशानें मरणाऱ्या मॅलार्ड बदकांचें प्रमाण शेंकडा ६४ नें घटलें, आणि १९९७ च्या एका शरदऋतूंत उत्तर अमेरिकेंतील सुमारें १४ लाख बदकें वांचलीं, असा संशोधकांचा अंदाज २००० सालीं प्रसिद्ध झाला.

परंतु बदक झालें पाण्यावरचें. कोरड्या जमिनीवरचे फेझंट, लावे यांचें काय? येथें खाजगी मालकी पुन्हां मान वर काढते. कॅलिफोर्नियानें २०१३ सालीं सर्व शिकारींत शिशाची बंदी ठरविली ती मुख्यतः कॉण्डॉर गिधाडांसाठीं. त्यांची संख्या १९८२ सालीं २२ वर आली होती. बंदी टप्प्याटप्प्यानें आली. २०१६ च्या टप्प्यांत जमिनीवरच्या शिकारी पक्ष्यांना ती लागू झाली, पण परवानाधारक खाजगी शिकारी क्लबांना सूट मिळाली. ती सूट १ जुलै २०१९ ला संपली, आणि तेव्हांपासून तेथें सरकारी व खाजगी या दोन्ही जमिनींस एकच नियम आहे. विषाला कुंपण नसतें, हें मान्य व्हावयास एवढा अवधि लागला.

इंग्लंडची कथा अधिक बोधप्रद आहे. तेथें १९९९ च्या नियमांनीं समुद्रकांठ व कांहीं राखीव स्थळें यांवर, आणि बदकें-हंसांच्या शिकारींत सर्वत्र, शिसें बंद केलें. परिणाम असा विचित्र झाला कीं, एकाच जहागिरींत, एकाच सकाळीं, तळ्यावरून उठलेल्या बदकावर शिशाचा बार काढणें गुन्हा. आणि बांधावरून उठलेल्या फेझंटावर त्याच बंदुकीनें, त्याच शिशानें बार काढणें कायदेशीर! हा गुन्हा पाहणार कोण? खाजगी रानांत मालक, त्याचा रखवालदार आणि पाहुणे यांवांचून दुसरें कोणी नसतें. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दुकानांतून विकत घेतलेल्या बदकांपैकीं सुमारें सात दशांश शिशानेंच मारलेलीं निघालीं. पुढें २०२० सालीं शिकाऱ्यांच्या नऊ संस्थांनीं आपण होऊन पांच वर्षांत शिसें सोडण्याचें आवाहन केलें. त्यानंतरच्या पहिल्याच हंगामांत संशोधकांनीं १८० फेझंट तपासले. १७९ जणांच्या अंगांत शिशाचे छरे सांपडले. अखेर २०२५ च्या जुलैंत ब्रिटिश सरकारनें शिशाच्या छऱ्यांवर व्यापक बंदी आणण्याचा निर्णय जाहीर केला आणि बदल घडविण्यास तीन वर्षांची मुदत ठेवली.

या शिकाऱ्यांना दुष्ट म्हणून सोडून देणें सोपें आहे, पण तें न्याय्य नव्हे. त्यांचीहि बाजू आहे. पोलाद शिशापेक्षां हलकें, म्हणून त्याचा छरा लवकर मंदावतो. तो कठीण, म्हणून आज्यापणज्याच्या नाजूक बंदुकींच्या नळ्यांना त्याचें भय. बिस्मथ-टंगस्टनचे छरे महाग. नवा छरा नीट न जाणतां दूरवर बार काढला तर पक्षी जखमी होऊन तडफडत राहतो, आणि चांगल्या शिकाऱ्यास हें दुःसह असतें. हे आक्षेप खरे आहेत. पण ते दुस्तर नाहींत. डेन्मार्कनें १९९६ सालीं शिशाचे छरे सरसकट बंद केले; तेथील शिकार बंद पडली नाहीं, शिकारी मोठ्या नंबरचे छरे घेऊन अधिक जवळून बार काढावयास शिकले. तेव्हां प्रश्न धातूचा नाहीं. आपल्या हद्दींत आपल्याला कोणी विचारूं नये, या सहाशें वर्षांच्या संवयीचा आहे.

आपल्या महाराष्ट्रापुरता हा प्रश्न वेगळ्या रीतीनें मिटला आहे. १८८७ व १९१२ चे हिंदुस्थान सरकारचे कायदे, १९५१ चा मुंबई राज्याचा कायदा ही वाट चालत येऊन १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें आणि १९९१ च्या त्याच्या दुरुस्तीनें हौसेची शिकार येथें जवळजवळ बंदच झाली. तेव्हां छरा कशाचा, हें विचारण्याचें प्रयोजन उरलें नाहीं. पण नांदूर-मधमेश्वरला किंवा जायकवाडीच्या जलाशयावर हिंवाळ्यांत उतरणारीं तलवार बदकें आणि थापटे यांचा उन्हाळा रशिया-कझाकस्तानकडे जातो, आणि तेथें त्यांची शिकार कायदेशीर आहे. आपण जपलेला पक्षी आपला नाहीं आणि त्यांनीं मारलेला त्यांचा नाहीं, हें होम्स यांचें म्हणणें गोदाकांठीं उभें राहिलें असतां अधिकच पटतें.

सारांश, १५४९ च्या सुमारास कायद्यानें छऱ्याविषयीं जो प्रश्न केला तो वस्तुतः माणसाच्या दर्जाचा होता. आजचा कायदा तोच प्रश्न करतो, तेव्हां त्याला दर्जा दिसत नाहीं. उमराव असो कीं कूळ, क्लबाचा सभासद असो कीं एकटा शिकारी, शिसें सर्वांच्या हातून सारखेंच पडतें आणि सर्वांच्या मागें सारखेंच उरतें. जमिनीची मालकी खरेदीखतानें हस्तांतरित होते, मृत्युपत्रानें वारसाकडे जाते. परंतु तींत पडलेला छरा कोणत्याहि खतपत्रांत लिहिलेला नसतो. विकणारा तो सांगत नाहीं, घेणारा तो मोजत नाहीं, आणि पुढील हंगामांत चरावयास उतरणारा पक्षी तो खडा समजून टिपतो. खाजगी मालकीला जी मर्यादा तत्त्वज्ञांनीं तर्कानें घालूं पाहिली, ती येथें एका पक्ष्याच्या पेषणीनें घालून दिली आहे.